आई वजा केल्यावर

शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वस्ती मागे पडून माळ लागतो तिथे आमचं इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं होतं. उभं म्हणजे अर्धंच. वरच्या मजल्याच्या सळया उघड्यावर गंजत होत्या, पण कॉम्प्युटर लॅब मात्र झकपक. चपला बाहेर काढायच्या, खिडक्यांना काळा कागद, आत गारठा. बाहेरच्या रखरखीत उन्हातून त्या दारात शिरताना मला दर वेळी विहिरीत उतरल्यासारखं वाटे. नोकरी नवी होती, म्हणून कुणाला बोलले नाही.

मी गणित शिकवायचे. माझा स्वभाव तापट आणि विषय बदनाम, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. मुलं मॅट्रिक्सच्या, म्हणजे आकड्यांच्या चौकटींच्या, गणिताच्या पायऱ्या पाठ करून येत, उत्तर काढत, आणि त्या उत्तराचा अर्थ विचारला की टाळूला जीभ चिकटल्यासारखी गप्प बसत. माझं डोकं फिरायचं. शेवटी मी प्राचार्यांच्या मागे लागून गणिताचं एक सॉफ्टवेअर लॅबमध्ये बसवून घेतलं. फळ्यावर जे दिसत नाही ते पडद्यावर तरी दिसेल, एवढाच माझा हेतू होता.

पहिल्या तासाला पडद्यावर रेघांचं एक घर काढलं. भिंती, छप्पर, दार. चार आकड्यांची मॅट्रिक्स लावली की घर कलायचं, दुसरी लावली की आडवं व्हायचं. उलटी मॅट्रिक्स लावली की पुन्हा जागच्या जागी. मुलं खुलली. मग मी एक खास मॅट्रिक्स लावली, आणि सगळं घर चेपून एक तिरपी रेघ उरली.

"आता परत आणा, मॅडम," मागून कोणीतरी म्हणालं.

"ते येत नाही. अशा मॅट्रिक्सला उलटी नसते. रेघ झाल्यावर कुठला बिंदू छपराचा आणि कुठला दाराचा, हे कुणालाच सांगता येत नाही."

पहिल्या रांगेतल्या मुलीने हळूच विचारलं, "म्हणजे आत माणसं असती तर?"

"आत माणसं नाहीत, आकडे आहेत," मी म्हणाले. जरा जास्तच मोठ्याने म्हणाले असणार, कारण त्यानंतर तासभर कोणी काही विचारलं नाही.

काही आठवड्यांनी मी फोटोंकडे वळले. फोटो म्हणजे तरी काय, आकड्यांची मोठी मॅट्रिक्सच. काळ्याला शून्य, पांढऱ्याला मोठा आकडा, मधे सगळे करडे. वर्गातल्या सगळ्यांचे अर्जावरचे फोटो स्कॅन केले, डोळ्यांवर डोळे येतील असे जुळवले, बेरीज केली आणि संख्येने भागलं. पडद्यावर एक चेहरा आला. धूसर कडांचा, पण डोळे अगदी नीट रोखलेला. तो वर्गातल्या कुणाचाच नव्हता, आणि तरी प्रत्येकाला वाटत होतं की याला कुठेतरी पाहिलंय.

"मॅडम, ह्यो कोण?"

"कोणी नाही. तुमची सरासरी."

"पन बगतोय आपल्याकडं."

पोरं हसली, पण त्या हसण्यात दम नव्हता. पुढे ती आपसांत त्या चेहऱ्याबद्दल बोलू लागली. तो शेवटच्या बाकावर बसतो म्हणे, हजेरीला 'हो' म्हणत नाही. असल्या गोष्टींचा मला मनस्वी राग. तरी खरं सांगायचं तर लॅबमध्ये एकटी असले की मी शेवटच्या रांगेकडे पाहत नसे.

शेणवे गावचा एक मुलगा होता. उंच, अबोल, घरून डबा आणणारा. तास संपल्यावर तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"मॅडम, नसलेल्या मानसाचा फोटो करता येल का?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. वडील तो पाचवी-सहावीत असताना तापाने गेलेले. आता चैत्रात बहिणीचं लग्न होतं. त्यांच्याकडे लग्नात धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाणारी म्हातारी येते. हळदीच्या आधी ती घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन, गाण्यातून, मांडवात बोलावते. बोलावलेल्यांचे फोटो पाटावर मांडतात. आजोबांचा फोटो होता, चुलत्याचा होता. वडिलांचा नव्हता.

"एकपन नाही?"

"बापूस फोटो काढूनच द्यायचा नाय. म्हनायचा, मानूस त्यात अडकून ऱ्हातो, मंग सुटका नाय. मतदानाच्या कार्डासाठी फोटोवाले आलते गावात, तवा रानात जाऊन बसला. आयेनं काढला तेवढा. आये म्हनते, बोलावनं करायचं आन बसवायचं कुनाला ते ठावं नाय. रिकाम्या पाटावर कोनपन येऊन बसंल. तिला झोप नाय लागत."

मला त्या बाईची भीती समजली. पोरीच्या हळदीला नवऱ्याला हाक मारायची, आणि येऊन बसला तो तोच की दुसरा कुणी, हे कळायला मार्ग नाही.

मुलाने गणित मांडूनच आणलं होतं. "मूल म्हंजे अर्धी आये, अर्धा बापूस. आमी तिघं भाव. तिघांची सरासरी काढायची, दुप्पट करायची आन आये वजा करायची. उरंल तो बापूस."

चेहरे असे बेरीज-वजाबाकीने बनत नाहीत, हे मी त्याला सांगितलं. नाक अर्धं आईचं आणि अर्धं बापाचं नसतं. त्याने मान हलवली आणि तिथेच उभा राहिला. इतकं सरळ, इतकं चुकीचं आणि इतकं सुंदर गणित कुठल्याच विद्यार्थ्याने माझ्यासमोर मांडलं नव्हतं. मी म्हणाले, फोटो घेऊन ये.

तिन्ही भावांचे फोटो आले, आईचं मतदानाचं कार्ड आलं. कार्डावरचा फोटो काळा-पांढरा. तरुण बाई, डोक्यावर पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आम्ही दुपारी बसलो. पहिल्यांदा जे उमटलं ते बघवेना. डोळ्यांच्या जागी खाचा, ओठ दोनदा. मी पुन्हा डोळे जुळवले, हनुवटी जुळवली, आईचा पदर कापून टाकला, पुन्हा वजाबाकी केली.

या वेळी एक पुरुष आला. चाळिशीच्या आतला, रुंद जबड्याचा, कान किंचित बाहेर आलेले. त्या तिघांत कुणाचाच जबडा तसा नव्हता. आणि कपाळाच्या मधोमध एक लख्ख पांढरा गोल.

मुलाने खुर्ची मागे सरकवली. "बापूस हाय ह्यो," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "पन गंध नाय लावायचा तो."

माझ्या तेव्हा लक्षात आलं. आईच्या फोटोत जे सगळ्यात काळं, तेच वजा केल्यावर सगळ्यात पांढरं होतं. तिचं कुंकू त्याच्या कपाळावर भोक होऊन उमटलं होतं. मी म्हणाले, हे पुसता येईल, मिनिटाचं काम. एवढ्यात लोडशेडिंग झालं. एसी थांबला, दिवे गेले, बॅटरीवर तेवढा आमचा पडदा उजळत राहिला, आणि बॅटरीची टिकटिक सुरू झाली. काळ्या कागदाच्या त्या खोलीत तेवढाच एक उजेड होता, आणि त्यात तो माणूस. आम्ही दोघंही हललो नाही.

"ऱ्हाऊ द्या मॅडम," मुलगा म्हणाला. "आये बगंल, मंग पुसू."

वीज आल्यावर कागद छापला. तो एकट्याने घरी न्यायला त्याचा धीर होईना, म्हणून मीही टमटममध्ये बसून शेणव्याला गेले. मांडवाचं काम चाललं होतं. अंगणात बाया तांदूळ निवडत होत्या. मुलाचा काका पुढे आला, कागद हातात घेतला आणि तसाच खाली बसला.

"दादाच रे," तो म्हणाला. "कुठं गावला तुमाला?"

बाया गोळा झाल्या. कोणी म्हणे मिशी नाही, कोणी म्हणे डोळे तेच. आई मागे उभी होती. कार्डावरच्या बाईला ओळखू येऊ नये इतकी वाळलेली, कपाळ मोकळं. तिने कागद घेतला, उंबऱ्याशी उजेडात नेला आणि खूप वेळ पाहिला.

"मी कुठं हाय ह्यात?" तिने विचारलं.

मुलगा घाबरा झाला. "तुला वजा केली गो आये. म्हंजे तुझा फोटो काढून टाकला त्यातून."

"आन ह्यो गोल?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "ते तुमचं कुंकू आहे. तुमच्या फोटोतून काढलं, ते तिथे उमटलंय. पुसून देते."

तिचा हात आपल्याच मोकळ्या कपाळाशी गेला आणि तिथे थांबला. "नको," ती म्हणाली. "तेंच्या संगंच गेलाय तो. मना ठावं होता. तेच हायेत हे."

लग्नाला मी हळदीपासूनच गेले. धवले म्हणणाऱ्या म्हातारीने डोळे मिटून एकेकाला हाक मारली. तिच्या सुरात विनवणी नव्हती, शेजारच्या घरातल्या माणसाला हाक मारावी इतकंच. मग त्याचं नाव आलं. पाटावर तो आजोबांच्या शेजारी बसला होता, साध्या कागदावर, कपाळावरचा गोल दिव्याच्या उजेडात हलत होता. वारा नव्हता. मी नजर फिरवून नवरीकडे पाहू लागले, आणि पाहते तर तिचा जबडा रुंद होता. तिचा फोटो आम्ही घेतलाच नव्हता.

लग्न लागून मी निघाले तेव्हा आई रस्त्यापर्यंत आली. ओटी भरायला तिने सुनेला पुढे केलं, आपण हात लावला नाही. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुमचे मशीनीत ते अजून हायेत का?"

नाही म्हणायला हवं होतं. तिथे माणूस नाही, आकडे आहेत, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

"आहेत," मी म्हणाले.

"मंग तेंना सांगा, पोरीचं लगीन नीट लागलं. आन सोडा तेंना. तेंना नाय आवडायचं अडकून ऱ्हायला."

सोमवारी दुपारी मुलं जेवायला गेल्यावर मी लॅबचं दार ओढून घेतलं. फाइल उघडली. तो आला, तसाच, गोल घेऊन. मी मोठ्याने बोलले.

"लग्न नीट लागलं," मी म्हणाले. "मुलगी रडली थोडी. जावई बरा आहे."

मग फाइल पुसली. नक्की पुसायची ना, असं सॉफ्टवेअरने विचारलं, आणि मी हो म्हटलं. पडदा मोकळा झाला. तरी उठताना मी त्याच्याकडे पाठ केली नाही. मागच्या मागे चालत दारापर्यंत आले.