पंगतीतला न थांबलेला हात

मठातल्या खुनांची ती कादंबरी मी तीनदा वाचली होती. तरी दिग्दर्शक मॅडमनी "हिची पटकथा तू लिहिशील?" असं विचारलं, त्या दिवशी मला आनंदानं जेवण गेलं नाही. यादवांच्या काळातला एक दगडी मठ, त्यात एकामागून एक मरणारे साधू आणि वाटेत मुक्कामाला थांबलेला, खुनी शोधून काढणारा एक संन्यासी. आर्णीजवळच्या खेड्यातून शिकलेल्या, घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीच्या हाती कुणी असं काम द्यावं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

एक जागा सोडून पटकथा लिहून झाली. मठाचं कोठार सांभाळणारा साधू खुनी आहे, हे संन्याशाला कळतं कसं? कादंबरीत तो पंचवीस-तीस पानं नुसता विचार करतो. वाचताना ती पानं संपू नयेत असं वाटतं. पडद्यावर मात्र एक बसलेला माणूस दिसणार. मनातलं बोलणं ऐकवायचं नाही, हे मॅडमचं म्हणणं. खुनी बदलायचा नाही, ही मूळ लेखकांची अट. शेवटी मॅडम म्हणाल्या, "सोमवारपर्यंत बघ. नाही जमलं तर दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ. वाईट वाटून घेऊ नकोस."

वाटलंच.

शनिवारी गावी गेले. बाबा आर्णीच्या स्टँडवर गाडी घेऊन उभे होते. घर येईपर्यंत मी मागं बसून सगळी गोष्ट त्यांच्या कानात ओतली, खुन्यासकट. ते "हो का" एवढंच म्हणत होते. मला वाटलं, अर्धी वाऱ्यावर गेली.

संध्याकाळी अंगणात तुरीच्या शेंगा उकडल्या. हिवाळ्यात आमच्याकडे हे असतंच. मधे टोपलं, भोवती सगळे, आणि मिठाच्या पाण्यात शिजलेल्या गरम शेंगा सोलत गप्पा.

"सांग आता आम्हालेबी तुया सिनेमा," आई म्हणाली.

"नुसते बुवाच असन त्यात, तं मी भांडे घासाले जातो," मोठी आई म्हणाली. ही माझ्या मोठ्या काकांची बायको.

"बस ना मोठी आई. माणसं मरतात त्यात."

"मंग ठीक आहे."

मी रंगात आले. मठात पंगत बसली आहे. वाढून झालंय, श्लोक झालाय, पहिला घास तोंडात गेलाय, इतक्यात एक शिष्य पळत येतो: थोरले महाराज बारवेत मरून पडलेत.

आईचा हात शेंगेवरच थांबला. मोठ्या आईनं घास गिळला नाही. सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत शेंग फोडल्याचा बारीक आवाज येत राहिला. बाबा खात होते.

"मानूस मेला न् तुमचं खानं चालूच?" आई म्हणाली.

"मले तं मालूमच होतं. इनंच सांगतलं गाडीवर. कोठारवाल्यानं मारला त्याले."

"घ्या. घालवली भाऊजीनं सगळी मजा," मोठी आई म्हणाली.

मी बाबांच्या हाताकडे बघत राहिले. ज्याला बातमी आधीच ठाऊक असते, त्याचा हात थांबत नाही. संन्याशानं पानंच्या पानं विचार करायचं कारणच नव्हतं. त्यानं पंगतीवरून फक्त नजर फिरवायची. सगळे हात थबकलेले, आणि एकच हात निवांत वरण-भात कालवतोय.

"बाबा, पुन्हा खा. तसंच खाऊन दाखवा."

"म्हंजे खुनी मी का?"

"हो."

"अन् हिले शिकवलं आपन," ते आईला म्हणाले आणि शेंग सोलू लागले. पण आता सगळे बघत होते, त्यामुळं त्यांना ते जमेना.

रविवारी मी लिहायला बसले ती जागची उठले नाही. सोमवारी मॅडमनी ती पानं वाचली. शिष्य पळत येतो तिथं त्यांचा चहाचा कप अर्ध्यावर थांबला, आणि प्रसंग संपेपर्यंत तसाच राहिला.

"शेवटपर्यंत तूच लिही," त्या म्हणाल्या.

बाहेर येऊन मी बाबांना फोन लावला. "जमलं, बाबा."

पलीकडून ते आईला हाक मारून सांगताना ऐकू आले, "अवं, मी पकडल्या गेलो."