दिगूभाऊंच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं

ज्या माणसाचं मी भर सभेत हसं केलं, तो आज सकाळी गेला.

दिगंबरराव. आमचे दिगूभाऊ. बेगम बाजारात भांड्यांचं दुकान, नल्लकुंट्यात घर. घराणं जुन्या हैदराबाद संस्थानातल्या मराठी मुलखातलं, पण तीन पिढ्या इथे हैदराबाद शहरातच.

मी पुण्याहून आलेला इंग्रजीचा प्राध्यापक. इथल्या मराठी मंडळाचा ठरलेला वक्ता. माईक दिसला की गप्प न बसणारा.

आमच्यात समान गोष्ट एकच. हेरांचे सिनेमे.

वर्षानुवर्षं चाललेल्या दोन मालिका. एक इंग्रज हेराची, एक अमेरिकन हेराची. प्रत्येक नवा सिनेमा आम्ही दिलसुखनगरच्या थिएटरात पहिल्याच दिवशी गाठायचो. दिगूभाऊंना तेलुगू डबिंगच पाहिजे. मी कुरकुर केली की म्हणायचे, “इंग्रजीत गोळी जास्त लागते काय, सर?”

मी इंग्रजाचा. ते अमेरिकनाचे.

दहा-एक वर्षांपूर्वी, तरुण पोरं फिरकत नाहीत म्हणून मंडळाने गणपतीत वादविवाद ठेवला. विषय, या दोघांत थोर हेर कोण? मी इंग्रजाच्या बाजूने म्हटल्यावर समोर कोणी उभं राहीना.

दिगूभाऊंनी हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा मंचावर.

आधी मी बोललो. साम्राज्य गेलं तरी रुबाब न सोडणारा माणूस. किती नट आले, किती गेले, पण कोट तोच आणि थंड नजरही तीच. माणसं जातात, पद उरतं, असं म्हणून मी टेबलावर मूठ आपटली. टाळ्या.

मग दिगूभाऊ. हातात एक कागद.

“मी काय म्हणतो, इंग्रज थकला की त्याचे मालक माणूसच बदलतात. नवा माणूस, कोट तोच. असं तर आमच्या बाजारात पण होतंय. मला नाही आवडत.

आता अमेरिकन बघा. पहिल्या पिक्चरपासून माणूस तोच. तेव्हा पळत होता, आज पण पळायलाय. आता दम लागतोय, तोंडावर वय दिसतंय, तरी पळतो. कशासाठी? सरकार तर म्हणतं, आम्ही याला ओळखत नाही. तो दोन-तीन दोस्तांसाठी पळतो.

इंग्रजासोबतचे लोक मरतात, अन् तो पुढच्या पिक्चरला फ्रेश होऊन येतो. हा एका दोस्तासाठी अख्खं काम खड्ड्यात घालतो. मला असा हेर पाहिजे. असा दोस्त पण पाहिजे.”

त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय.

उत्तर नव्हतं म्हणून मी टेबलावरचा त्यांचा कागद उचलला आणि लोकांना दिसेल असा वर धरला. सगळी अक्षरं तेलुगू, गोल गोल.

“मंडळी, मराठी मंडळाच्या मंचावर हे जिलब्यांचं ताट कोणी आणलं?”

हॉल फुटला. दिगूभाऊही हसले.

तिसऱ्या रांगेत त्यांची मुलगी मेघना बसली होती. नववीत होती तेव्हा. ती हसली नाही. उठून बाहेर गेली.

दिगूभाऊंना उत्तरासाठी दोन मिनिटं होती. ते म्हणाले, “लाईट लो, सर, सोडून द्या. आपलं झालं.”

ट्रॉफी मला मिळाली.

पुढे वहिनींकडून कळलं. दिगूभाऊंची शाळा तेलुगू मीडियमची. मराठी वाचता येत नव्हतं, पण घरात बोलायचं ते मराठीच, हा त्यांचा हट्ट. कागदावरचं भाषण शब्द न् शब्द मराठी होतं. अक्षरं तेवढी त्यांना येत होती ती, तेलुगू. पंधरा दिवस, दुकान उघडल्यावर गिऱ्हाईक यायच्या आत, पातेल्यांसमोर उभं राहून ते पाठ करत होते.

मातृभाषेवर मी किती भाषणं ठोकली असतील! व्यासंगाचे दाखले, ग्रंथांची नावं, आवेश. आणि ज्या घराने शाळेच्या आधाराशिवाय तीन पिढ्या मराठी बोलती ठेवली, त्याच घराची मी टिंगल केली.

दिगूभाऊ पुन्हा मंचावर चढले नाहीत. माझ्याशी मात्र काहीच बदललं नाही. ट्रेलर आला की फोन यायचा, “सर, पळणारा येतोय. तिकीट काढू का?”

शेवटचा सिनेमा पाहिला तेव्हा इंटरव्हलमध्ये मी हिय्या केला.

“दिगूभाऊ, त्या दिवशी गणपतीत मी...”

“समोसा गरम आहे तोवर खा, सर.”

मी खाल्ला. सुटलो असं वाटलं.

खरं तर मला सुटायचंच होतं.

आज दुपारी त्यांच्या घरी गेलो. मंडळाचे सेक्रेटरी मला बाजूला घेऊन म्हणाले, “रविवारी शोकसभा ठेवलीय. तुम्हीच बोला सर, तुमच्यासारखं कोण बोलणार?”

मी म्हणालो, मेघनाला बोलू द्या. लेक आहे त्यांची.

मेघना आता मोठ्या कंपनीत आहे. दिवसभर मीटिंगा घेते, पन्नास माणसांसमोर बोलते. तिने मान हलवली.

“नको काका. माझं मराठी ऐकून लोक हसतील.”

आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच तसं वाटतं.

नाही हसणार, असं तिला कोणीतरी सांगायला हवं होतं. ते सांगायचं तोंड माझ्याकडे नव्हतं.

दिगूभाऊ, रविवारी मी भाषण करणार नाही. त्या गणपतीत मी काय केलं आणि का केलं, तेवढं त्याच लोकांसमोर, मेघनासमोर सांगेन आणि खाली बसेन.

मग ती उठली, तर आम्ही सगळे ऐकू.

नाही उठली, तर तो दोष तिचा नाही.

शेवटचा नमस्कार, भाऊ.