गाळातला हरभरा

दुर्बिणीच्या पट्ट्याला अजून गाळाचा वास येतो. त्या हिवाळ्यात मित्र आणि मी संभाजीनगरहून धरणाच्या काठावर समुद्राकडून आलेले कुरव पक्षी बघायला गेलो होतो. पाणी मागं सरलेल्या गाळात कुणीतरी हरभरा पेरला होता, आणि त्याच्या कडेनं एक म्हातारा आमच्या मागं मागं येत होता. आम्ही थांबलो की तोही थांबायचा. "कॅमेऱ्यावर डोळा आहे त्याचा," मित्र कुजबुजला, तशी मी पिशवी पोटाशी धरली. शेवटी म्हातारा जवळ आला. "कोणच्या खात्याचे, सायब?" "कुठल्याच नाही. पाखरं बघतो." "मंग लिव्हता काय एवढं?" मी वही पुढं केली. पाखरांच्या आकड्यांखाली 'काठावर शेती' असंही मी लिहिलं होतं, पण त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं हरभऱ्याचे ढाळे उपटून माझ्या हातात दिले. "आमचं नाव तेवढं लिवू नका." परतताना गाडीत ढाळे सोलत मित्र म्हणाला, "उगाच संशय घेतला बिचाऱ्यावर." नाव मी लिहिलं नाही; बाकी पान नेहमीसारखं वनखात्याच्या पक्षीगणनेला पाठवून दिलं. पुढच्या हिवाळ्यात तो गाळ मोकळा पडला होता आणि कडेला शेतीला मनाई असल्याची पाटी होती. म्हाताऱ्याचा संशय मात्र उगाच नव्हता. आता पाखरं बघायला जातो तेव्हा दुर्बीण घेतो, वही नेत नाही.