फ्रिजमधली नासपाती

सिंगापुरात नासपाती होत नाही, हे मला कुणी सांगू नका. सगळ्यांचं सांगून झालंय. "तिला थंडी लागते, आई," असं माझा मुलगा मला समजावतो. मला! रानीखेतजवळच्या आमच्या बागेत ऐन जानेवारीत बर्फात उभी राहून मी झाडं छाटायची, तेव्हा हा पुण्याला मावशीच्या हातचं गरमगरम खाऊन इंजिनिअरिंग करत होता. यजमानांच्या फौजेतल्या नोकरीपायी आम्ही त्या डोंगरात गेलो आणि तिथलेच झालो. बाग त्यांच्या नावावर, पण कलमं सगळी माझ्या हातची.

ते गेले आणि दोन हजार बाराच्या सुमाराला मुलाने मला इथे आणलं. येताना सगळे कागद रीतसर करून मी मेहलच्या बिया आणल्या. मेहल म्हणजे तिथली रानटी नासपाती. फळ तोंडात धरवत नाही, पण कलमाला खुंट म्हणून तिच्यासारखी दुसरी नाही. ओल्या वाळूत घालून बिया दह्याच्या डब्यात, डबा फ्रिजमध्ये. थंडी लागल्याशिवाय त्या उगवतच नाहीत. उगवल्या, आणि फ्लॅटबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये कुंड्यांत दोन वर्षं वाढल्या. येणारेजाणारे हसायचे. हसेनात का.

मग बाग विकायची ठरली. एकटी बाई तिथे कशी राहणार, हे मुलाचं म्हणणं मला पटत नव्हतं, पण सही केली. घेणाऱ्याला तिथे हॉटेल बांधायचं होतं, म्हणजे झाडं जाणार हे उघड होतं. ताबा द्यायला गेले ती घराकडे न बघता थेट सगळ्यात जुन्या झाडाकडे गेले. आमच्या लग्नाआधीचं झाड, फळ लहान पण अत्तरासारख्या वासाचं. त्या जातीचं नाव कुणालाच माहीत नव्हतं आणि तसं दुसरं झाड मी पाहिलेलं नाही. त्याच्या पेन्सिलएवढ्या काड्या कापल्या, पुन्हा तेच सगळे कागद केले, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवल्या. महिन्याभरात झाड पडल्याचा फोन आला. आता जे काही उरलं होतं ते त्या कप्प्यात होतं.

त्याच आठवड्यातल्या रविवारी, आम्ही राहत होतो त्या आंग मो किओ भागातच घेतलेल्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. शनिवारी सामान हललं, फ्रिजसुद्धा, माझ्या कुंड्यासुद्धा. कलमं सोमवारी निवांत बांधायची असं मी ठरवलं होतं. इथले गुरुजी आठवडाभर ऑफिसात कॉम्प्युटरपुढे आणि रविवारी सोवळ्यात. सुनेने लिटल इंडियातून दूर्वा, विड्याची पानं, समिधा सगळं आणलं होतं. या हवेत काही टिकत नाही, म्हणून पूजेचं सगळं कागदात गुंडाळून फ्रिजमध्येच राहतं. आणि माझी पुडी त्याच्याच शेजारी.

हवन सुरू झालं. मी पाहुण्यांना चहा देत होते. एकाएकी धूर झाला. मुलगा धावत जाऊन खिडक्या उघडायला लागला. गुरुजी म्हणाले, समिधा जरा ओल्या आहेत. कुंडात काडी चुरचुरत होती. ओल्या लाकडाचा तो वास मला झोपेतही कळेल. मी ट्रे तिथेच ठेवला आणि पुढे गेले. माझ्या दोनच काड्या उरल्या होत्या, एक ताम्हनात आणि एक तुपात बुडवलेली, गुरुजींच्या बोटांत. दोन्ही मी काढून घेतल्या.

"हे माझं झाड आहे," मी म्हणाले. "याला स्वाहा म्हणायचं नाही."

मुलगा दबक्या आवाजात म्हणाला, आई, लोक बसलेत. बसू देत! लोकांनी माझं झाड कापलं, लोकांनी जाळलं, आणि मी लोकांना चहा देऊ? गुरुजी शहाणे, त्यांनी दर्भ घेऊन पुढचा मंत्र म्हटला. सुनेचा चेहरा मात्र पांढराफटक पडला; समिधा समजून माझी पुडी तिनेच काढून दिली होती. तिची चूक नव्हती, हे मला कळत होतं. पण रागाला कळतं का?

मी तशीच, रेशमी साडीत, बाहेर कुंड्यांपाशी बसले. तुपाची काडी वाया गेली होती. दुसरीला पाचरीसारखं तासलं, मेहलचा खुंट चिरून त्यात बसवली, सालीला साल लावली आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बांधली. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

ती एक काडी फुटली. सून कामापुरतं बोलायची, मीही तेवढंच. पण एकदा मी बाहेरून आले तर ती कुंडीपाशी वाकून नव्या डोळ्याकडे बघत होती. मला पाहून आत गेली.

पुढे झाड कमरेएवढं झालं. त्याला आता हिवाळा हवा होता, आणि इथे पानगळसुद्धा नाही. मीच एकेक पान खुडलं. मुलाला म्हटलं, जुनापाना फ्रिज मिळतो का बघ. त्याने कपाळाला हात लावला. कशाला, आई? फळ लागणार नाहीच. नाही लागलं तर नाही लागलं, मी म्हटलं, पण ते माझ्यादेखत उन्हाने मरायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर भाज्या, टेबलावर लोणच्याच्या बरण्या. सुनेने फ्रिजचे सगळे कप्पे काढून ठेवले होते. कुंडी आत तिरपी उभी, दूध-दही तेवढं फ्रिजच्या दारात. माझ्याकडे न बघता ती भेंडी चिरत होती. मीही शेजारी चिरायला बसले.

त्या रविवारी मुलाच्या ऑफिसातली मंडळी आली, उन्हातून, घामाघूम. कुणीतरी गार पाणी मागितलं. मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार एवढ्यात सूनच म्हणाली,

"गार पाणी मिळणार नाही. फ्रिजमध्ये आईंचं झाड आहे."

आणि तिने सगळ्यांना माठातलं पाणी दिलं.