भरदुपारी क्रूसाजवळ आलेलं उत्तर

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं, नाहीतर उद्या मलाच ते खोटं वाटायला लागेल. टायपिंग क्लासच्या मशीनवर बसून बडवतेय. सरांना वाटतंय स्पीडची प्रॅक्टिस चाललीय. वाटू दे.

तर मला भीती वाटते. कशाची ते विचारू नका, तेच तर कळत नाही. चार माणसांत उभी राहिले की छाती धडधडते, हात गार पडतात आणि गळा असा बंद होतो की आवाजच फुटत नाही. चर्चमध्ये मिस्साला मी दाराजवळच्या बाकावर बसायचे आणि मध्येच पळायचे. प्रार्थना करायचे, पण खरं सांगू? कोणी ऐकतंय असं वाटायचंच नाही. त्यात ताईला बाळ झालं आणि गॉडमदर कोण, तर मी! बाळाला बोलता येत नाही ना, म्हणून बाप्तिस्म्याला फादर प्रश्न विचारतात आणि गॉडमदरने सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. ताई मालाडहून आली ती सरळ म्हणाली, "अगं, नुसतं 'होय' बोलायचंय. तेवढंही जमणार नसेल तर आत्ताच सांग, मी नणंदेला उभं करते." मला उभं राहायचं होतं यार. त्या बाळाचं मला कोणीतरी व्हायचं होतं.

शनिवारी भरदुपारी बाळाचा पांढरा फ्रॉक टेलरकडून घेऊन येत होते. आमचं अंधेरीचं गावठाण, मे महिना, सगळी दारं बंद, कुत्रीसुद्धा गप्प. वळणावर जुना क्रूस आहे. प्लेगच्या साथीत गावातली माणसं पटापट गेली, तेव्हा उरलेल्यांनी उभारलेला. मे महिन्यात संध्याकाळी आम्ही सगळे तिथे जमतो. एक जण लितानीतली संतांची नावं घेतो, बाकीचे म्हणतात, "आमच्यासाठी विनंती कर." दुपारी मात्र तिथे चिटपाखरू नसतं.

नेमकं तिथेच मला ते धडधडणं सुरू झालं. उद्याच्या बाप्तिस्म्याचं भरलेलं चर्च डोळ्यांसमोर आलं. फ्रॉक पोटाशी धरून, क्रूसाकडे तोंड करून चौथऱ्याला टेकले. ओठ हलेनात. मग मनातल्या मनात लितानी धरली. पवित्र मारिये...

"आमच्यासाठी विनंती कर."

मागून. अगदी हळू. वाटलं, कोणी आलं असेल. पण मी तर तोंडच उघडलं नव्हतं! संत जोसेफ, मी मनातच म्हटलं. "आमच्यासाठी विनंती कर." आता आवाज जास्त होते, बायकांचे, मध्ये एक लहान मुलाचा. एवढ्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला. चौथऱ्यावर सावली माझी एकटीचीच. मागे बघायची हिंमत होईना. मी नावं घेत गेले, उत्तर येत गेलं. मग भीतीने पुढचं नावच आठवेना आणि मनात आलं, देवा, मी आहे रे इथे, मी.

मग सगळे मिळून, अगदी कानाशी, "आमच्यासाठी विनंती कर."

म्हणजे ते मलाच विनंती करायला सांगत होते! मला, जिला एक 'होय' जमत नाही! काय करणार? म्हटलं, "प्रभू येशू, हे जे कोणी आहेत त्यांना शांती दे." आणि ते मी मोठ्याने म्हटलं होतं. गळा उघडला होता. वळून बघितलं. नुसतं ऊन.

घरी मम्मीला सांगितलं. वाटलं हसेल. ती भाजी चिरता चिरता थांबली. "त्यांनी मागितलं ना? मग दे की. घाबरतेस काय!" संध्याकाळी क्रूसाजवळ दोघींनी मेणबत्ती लावली.

रविवारी फादरनी विचारलं, "तुमचा विश्वास आहे का?" आणि गळा पुन्हा बंद. सगळे माझ्याकडे बघतायत. दार दिसत होतं. मी स्वतःला ढकलणं सोडून दिलं आणि मनात त्या क्रूसाजवळच्यांसाठी विनंती केली. "होय" एवढ्या जोरात बाहेर पडलं की बाळ दचकून रडायला लागलं. ताई कुजबुजली, "हळू गं, भोंगा आहेस का?" पण तिचे डोळे भरले होते.

भीती गेलीय का? नाही हो. कालसुद्धा आली होती. पण आता तिच्याशी भांडत नाही, ती आली की देवाच्या हातात देते आणि क्रूसाजवळच्या त्या सगळ्यांसाठी शांती मागते. परमेश्वराचे आभार, त्याने मला गप्प राहू दिलं नाही. ते कोण होते, मी विचारत नाही. फक्त दुपारी तिथून जाताना पाठ आपोआप ताठ होते.

तुमचं सांगा ना, तुम्ही मनातल्या मनात म्हटलेल्याला कधी मागून उत्तर आलंय?