सोनूबाईनं गिळलेलं कडवं

खारदांड्याच्या कोळीवाड्यात सोनूबाईशी गोड बोलणारं माणूस शोधूनही सापडलं नसतं, आणि दोष काही सगळा लोकांचा नव्हता. बाई नाकावर माशी बसू देत नसे. पण घरात लग्न निघालं की हेच लोक तिच्या दारात येत, कारण सोनूबाई धवलारीण होती. हळदीच्या मांडवात धवले, म्हणजे लग्नातली गाणी, गाऊन देवांना आणि वाडवडिलांना नावानिशी बोलवायचं काम तिचं. ती बसल्याशिवाय नवरीला हळद लागत नसे. त्या दिवशी तिला उलट बोलायची कुणाची टाप नव्हती, आणि तेवढ्या जोरावर ती वर्षभर गावाशी भांडत असे.

त्र्याऐंशी साली क्षमा आली. मुलुंडची पोर, बाप संपात गिरणीतून घरी बसलेला, आणि ही तिकडच्याच एका टीचभर विद्यापीठाची पदवीधर. आपल्या पदवीधरांची पुस्तकं छापायची, नाटकं बसवायची, चित्रं मांडायची, असा त्या विद्यापीठाला भारी सोस. क्षमाला धवल्यांचं पुस्तक करायचं होतं. खांद्याला टेपरेकॉर्डर लटकवून ती दारात उभी राहिली.

"मावशी, हे सगळं जपायला हवं. तुमच्यानंतर कोण म्हणणार?"

"म्हंजे मी मरायची वाट बगतंस काय गो?"

तिला तिथूनच हाकललं असतं. पण नात जया मध्ये पडली. "सांग ना आजी, पुस्तकात येईल." आईविना पोर, सोनूबाईनंच वाढवलेली. तिच्यापुढे म्हातारीचं काही चालत नसे.

ती गायली, पण आतून जळत गायली. आईच्या तोंडून शिकलेलं आपण, आणि ही आयत्या बिळावर नागोबा! म्हणून तिनं एक कडवं गिळलं. दर्यात गेलेले आणि परत न आलेले घरचे पुरुष त्या कडव्यात बोलवायचे असत. त्यांना ना चिता, ना अस्थी. मांडवात नाव घेतलं तरच ते लग्नाला येतात, असं दांड्यातली माणसं मानत. तिचा नवरा धर्मा त्यांतलाच एक. हे तुला मेले तरी देणार नाही, असं मनात म्हणत तिनं पुढचं कडवं धरलं. क्षमाला पत्ताही लागला नाही.

पुस्तक निघालं. प्रकाशनाला क्षमानं आजी-नातीला मुलुंडला नेलं. तिथं भिंतीवर कुणा पदवीधरानं काढलेले वाळत्या बोंबलांचे फोटो. "आमचे बोंबील भिंतीला, आन् आमाला बिस्किटं!" ती मोठ्यानं म्हणाली. पुस्तकावर क्षमाचं नाव ठसठशीत. सोनूबाईचं नाव कुठं आहे म्हणून जयानं पानं चाळली, तर आत बारीक अक्षरात एवढंच, 'सांगणारी: दांड्यातील एक वृद्धा'. अंगावरची सत्काराची शाल खुर्चीवर फेकून सोनूबाई उठली.

त्यानंतर दांड्यातल्या पोरी पुस्तकातून धवले म्हणू लागल्या. लोकांना बरंच झालं. म्हातारीची मिजास कोण सांभाळणार? जुन्या बायकांना मध्ये काहीतरी राहिल्यासारखं वाटे, पण छापलेलं चूक कसं असेल? सोनूबाई ओटीवर बसून ऐके आणि खूश होई. लोकांचे बुडालेले बिनबोलावलेले राहिले, तर राहू देत. बरी खोड मोडली!

मग जयाचं लग्न ठरलं.

"आजी, तुझा आवाज आता फाटतो गो. अनुपमा म्हणेल, माझी मैत्रीण. तिचं पुस्तकातलं सगळं पाठ आहे."

तेव्हाच तोंड उघडलं असतं तर! पण ऐन वेळी येतील, पाया पडून बोलवतील, या ताठ्यात ती गप्प राहिली. कुणी आलं नाही.

हळदीला क्षमाही आली होती, पुढच्या खुर्चीवर. सोनूबाई मागे, कनातीला टेकून. अनुपमानं देव बोलावले, वाडवडील बोलावले, आणि थेट हळदीच्या कडव्यावर गेली. नातीच्या मांडवात धर्मा नाही! सोनूबाई तशीच उठली, माणसं ढकलत पुढे आली आणि फाटक्या आवाजात ते कडवं म्हणू लागली.

अनुपमा थांबली. पुस्तक उघडून पानं उलटू लागली.

"आजी, बस ना खाली," जया कुजबुजली. "पुस्तकात नाय ते."

"नाय, कारण मीच दिलं नाय! मीच गिळलं! इचार या पुस्तकवालीला!"

क्षमा अवघडून उठली. खरं तेच बोलली. "मावशी, टेपमध्येही नव्हतं. मी दोनदा ऐकलंय."

मागून कुणीतरी हसलं. "पुस्तकावर पयल्यापासून राग हाय तिचा. आता नातीच्या हलदीत पन तमाशा!" ज्यांच्याशी ती आयुष्यभर भांडली होती त्या बायका माना हलवू लागल्या. तिच्या बाजूनं बोलायला एकही उठली नाही. जयाच्या डोळ्यांत पाणी आलेलं, आणि ते आजीवरच्या रागाचं होतं.

दोन बायकांनी दंडाला धरून सोनूबाईला मागे नेऊन बसवलं. अनुपमानं हळदीचं कडवं पुन्हा सुरू केलं. जयाच्या गालाला हळद लागली. धर्माला कुणी बोलावलं नाही.