सफारीची रंगीत तालीम

समजा, टांझानियातल्या सफारीची आखणी तुमच्या गळ्यात पडली आहे. एकट्याची नव्हे, सहा जणांची. त्यातल्या एका काकूंना गुरुवारी कांदा-लसूण चालत नाही, एका मुलीला वळणांच्या रस्त्यावर मळमळतं, एकाला रोज संध्याकाळी वाय-फाय हवं, आणि एकीने आधीच बजावून ठेवलंय की तंबूत राहायला हरकत नाही, फक्त तो तंबूसारखा नको. आता नकाशा उघडा. तरांगिरे, गोरोंगोरो, सेरेंगेटी. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं. मधल्या छोट्या विमानात माणशी पंधरा किलो सामान, तेही मऊ पिशवीत. चाकांची कडक बॅग चालत नाही. हे सगळं जुळवा, दोनदा तपासा आणि ग्रुपवर टाका. चहा संपायच्या आत उत्तर येईल, "मस्त. पण यात मसाई मारा कुठाय?"

अमेरिकेत, सिएटलजवळच्या रेडमंडला राहणाऱ्या आश्लेषाचा सगळा हिवाळा यातच गेला होता.

आश्लेषा मूळची नागपूरची. सॉफ्टवेअरवर मुद्दाम भार टाकून ते कुठे मोडतं हे शोधायची तिची नोकरी. या कामात हुशारीपेक्षा बूड जास्त लागतं, असं ती म्हणायची. चाचणी लावून द्यायची आणि बघत बसायचं. सुरुवातीला सगळं छान चाललेलं दिसतं. नवी मुलं तेवढ्यावर खूश होऊन रिपोर्ट लिहायला घेतात. खरं काय ते नंतर, सगळे कंटाळून उठून गेल्यावर कळतं.

अकरावीत असताना तिच्या काकांनी तिला ताडोबाला नेलं होतं. संध्याकाळची फेरी संपत आली असताना बांबूच्या बेटाआड वाघीण दिसली. दिसली म्हणजे एक कान आणि पाठीचा थोडासा पट्टा. आता ती उठेल, आता वळेल, म्हणून आश्लेषा श्वास रोखून बसली होती, तोच काका जिप्सीवाल्याला म्हणाले, "चला, गेट बंद होईल." घरी आल्यावर काकांनी शेजारीपाजारी सांगितलं, पोरीने वाघ पाहिला. पोरीला मात्र वाटत राहिलं की आपण कान पाहिला.

पुढे शिक्षण, नोकरी, लग्न, अहिल्येचा जन्म, आणि ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकायची धास्ती. कार्ड आलं त्याच आठवड्यात तिने नवऱ्याला, निमिषला सांगितलं की आपण सेरेंगेटीला जायचं. निमिष नेहमीप्रमाणे हो म्हणाला आणि नेहमीप्रमाणेच त्याने ते सौमित्रलाही सांगून टाकलं. सौमित्र त्याचा कॉलेजपासूनचा मित्र, मूळचा पुण्याचा, आता रेडमंडलाच. जिथे जाईल तिथे चार माणसं गोळा करणारा. तो आणि त्याची बायको रुपाली लगेच तयार झाले. सौमित्रची आई, शुभाकाकू, तेव्हा त्यांच्याकडे आलेल्याच होत्या. त्याही येणार आणि तिथून परस्पर पुण्याला जाणार, असं ठरलं.

आश्लेषाची एवढ्या सगळ्यात एकच अट होती. सेरेंगेटीत तीन रात्री, एकाच कॅम्पवर. बाकी कुणाला काय हवं ते घाला, काढा, पण या तीन रात्रींना हात लावायचा नाही. एखादा प्राणी दिसला की तो उठेपर्यंत, शिकार साधेपर्यंत किंवा चुकेपर्यंत गाडी तिथेच उभी ठेवायची. एकदा तरी तिला सगळं पाहायचं होतं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत.

"तीन दिवस एकाच ठिकाणी?" सौमित्र म्हणाला होता. "अगं, तीन दिवस तर मी स्वतःच्या घरी पण बसत नाही."

तेव्हा आश्लेषाला रंगीत तालमीची कल्पना सुचली. तिच्या ऑफिसात कुठलीच गोष्ट चाचणीशिवाय बाहेर जात नाही. मग सहा माणसं सरळ आफ्रिकेत कशी सोडायची? रेडमंडहून दक्षिणेला तीनेक तासांवर पाणपक्ष्यांसाठी राखून ठेवलेली दलदल आहे. गाडीतून फिरायचा गोल खडीचा रस्ता. पक्षी बुजू नयेत म्हणून हिवाळ्यात गाडीतून उतरायला बंदी. हुबेहूब सफारीच. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सौमित्रच्या मिनीव्हॅनमधून जायचं ठरलं. नियम तिने ग्रुपवर टाकले. प्रत्येकाने आपली मऊ पिशवी भरून आणायची. जागा चिठ्ठ्या टाकून ठरतील. आवाज हळू. आणि जो पक्षी पहिला काहीतरी करताना दिसेल त्याच्यापाशी इंजिन बंद करून वीस मिनिटं थांबायचं. सौमित्रने अंगठा दाखवला. रुपालीने विचारलं की रिकाम्या हातांनी यायचं की काही करून आणू.

त्या दिवशी सकाळी सौमित्रच्या दारात काटा लावून पिशव्या तोलल्या. रुपालीने चाकांची कडक बॅगच आणली होती, कारण मऊ पिशवीत कपड्यांना सुरकुत्या पडतात. शुभाकाकूंच्या पिशवीत एक शाल सोडली तर सगळं खायचंच होतं, तिखटमिठाच्या पुऱ्या, भडंग, रव्याचे लाडू आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी. आश्लेषाने समजावलं की काकू, तिकडे कॅम्पवर तिन्ही त्रिकाळ जेवण असतं. काकू म्हणाल्या, "असेल गं. ते त्यांचं."

चिठ्ठ्या काढल्या. मधल्या रांगेत उजवी खिडकी काकूंना आली, डावी आश्लेषाला. निमिष आणि अहिल्या मागे. पुढे रुपाली, आणि गाडी त्याची म्हणून स्टिअरिंगवर सौमित्र.

दलदलीपाशी पोचेपर्यंत बारीक पाऊस सुरू झाला होता. लांब पाण्यावर पांढरे हंस होते, रस्त्याच्या कडेला बदकं होती. पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग पुऱ्यांचा डबा उघडला, सौमित्रने ऑफिसातल्या कुणाची तरी नक्कल सुरू केली, रुपाली हसत सुटली आणि जवळच्या बदकांनी पाण्याची वाट धरली. आश्लेषाने दोनदा शू केलं. तिसऱ्यांदा तिला स्वतःचाच आवाज शाळेतल्या बाईंसारखा वाटला, म्हणून ती गप्प बसली.

एका वळणाअलीकडे उजव्या हाताला, गाडीपासून फार तर पंधरा पावलांवर, ओल्या गवतात राखी-निळा बगळा उभा होता. कमरेएवढा उंच. पाण्यात नव्हे, चक्क बांधावर. आश्लेषाने वाचलं होतं की थंडीत हे बगळे शेतातले उंदीर पकडतात. तिने सौमित्रला गाडी थांबवायला सांगितलं. इंजिन बंद झालं.

बगळा हलत नव्हता. मान तिरकी, डोळा गवतातल्या एकाच ठिकाणी.

"काय करतोय गं तो?" शुभाकाकूंनी विचारलं.

"वाट बघतोय, काकू. खाली उंदीर असणार."

"मग बघू दे की. आपण कशाला त्याच्या पानात बघत बसायचं?"

सौमित्र म्हणाला की बगळे तर मुठेच्या काठी ढिगाने उभे असतात, तेही फुकटात. मागून अहिल्या म्हणाली, "आई, इट्स नॉट डूइंग एनिथिंग." आश्लेषाने मागे वळून पाहिलंही नाही. बगळ्याने एक पाय उचलला होता, इतका सावकाश की तो कधी उचलला ते कळलंच नाही. मग तो पाय पुढे टेकवला. मान हळूहळू मागे जाऊन तिचा आकडा झाला. त्याच्या छातीवरची लांब पिसं थरथरत होती. आश्लेषा आपल्या जागेवरून काकूंच्या बाजूला जेवढं झुकता येईल तेवढं झुकली.

पुढच्या सीटवर काहीतरी कुजबुज झाली. मग सौमित्र मोठ्याने म्हणाला, "सॉरी यार, आईला जायचंय. निमिष, रेस्टरूम कुठाय बघ जरा." आणि त्याने गाडी सुरू केली.

यावर कोण काय बोलणार? पासष्टीच्या बाईला जायचं असेल तर जायचंच. गाडी डावीकडे वळली, काकूंच्या मागे खिडकीची चौकट आडवी आली, आणि आश्लेषाला शेवटचं दिसलं ते एवढंच की आकडा सरळ झाला, चोच गवतात गेली. वर आलेली तिने पाहिली नाही.

जेवायला ते हमरस्त्यावरच्या एका मेक्सिकन हॉटेलात थांबले. तिथे सौमित्रने जाहीर केलं की तालीम जबरदस्त झाली. धमाल आली, कुणाला गाडी लागली नाही, पुऱ्या उत्तम. आणि तालमीचा खरा उपयोग म्हणजे चुका आधीच कळल्या. एका जागी थांबलं की सगळ्यांना कंटाळा येतो, हे आज सिद्ध झालं. तेव्हा सेरेंगेटीत एकच रात्र ठेवू; उरलेल्या दोनमध्ये अंबोसेली आणि मसाई मारा बसवू.

आश्लेषा म्हणाली की सीमा ओलांडून केनियात जायचं तर अख्खे दिवस रस्त्यावर जातील.

"मग रस्त्यावरून पण दिसतीलच ना प्राणी. ते काय फक्त तुझ्या कॅम्पसमोर येतात?"

"दिसतील. आज बगळा दिसला तसे."

"अगं, आईला जायचं होतं म्हणून..."

"मला नव्हतं हो जायचं," शुभाकाकू नाचोवरचं चीज बोटाने बाजूला सारत म्हणाल्या. "हाच म्हणाला, आई, जाऊन घे एकदा, म्हणून गेले."

सौमित्र खळखळून हसला. रुपाली हसली. निमिषही हसला. यात खोटं बोलल्यासारखं कुणालाच काही वाटलं नाही. उलट सगळ्यांची सुटका करणारी एक छानशी युक्ती होती ती. आश्लेषाला रडू येईल असं वाटलं आणि बगळ्यासाठी रडणं किती हास्यास्पद दिसेल तेही कळलं, म्हणून ती उठून हात धुवायला गेली.

परत आली तोवर रुपालीने ग्रुपवर मतदान टाकलं होतं. सेरेंगेटी तीन रात्री, की सेरेंगेटी एक रात्र, अंबोसेली आणि मारा. दुसऱ्या पर्यायापुढे तीन नावं होती. सौमित्र, रुपाली, निमिष.

घरी पोचल्यावर निमिष म्हणाला, "अगं, सगळे खूश आहेत ना? आणि तुला तर सेरेंगेटी बघायला मिळतंयच."

"तू हो म्हणाला होतास. तीन रात्रींना."

"हो म्हणालोच होतो. पण मेजॉरिटी..."

"ती मेजॉरिटी तूच केलीस, निमिष."

तो कपडे आवरायला लागला. मग तिने विचारलं की तू मागच्या सीटवर होतास, गाडी वळली तेव्हा काच तुझ्या समोर होती. त्या बगळ्याला काही मिळालं का? निमिषने खरंच आठवून पाहिलं. तो फोनमध्ये रेस्टरूम शोधत होता.

रविवारी सकाळी आश्लेषाने टांझानियातल्या अरुशाच्या सफारीवाल्यांना मेल लिहिली. पाच जणांसाठी सौमित्रचा मार्ग. एका व्यक्तीसाठी सेरेंगेटीत तीन रात्री, वेगळी गाडी. अहिल्येला तिने विचारलं, तू कुणाबरोबर? अहिल्या म्हणाली, "बाबा." लगेच, विचारसुद्धा न करता. आश्लेषाने मेल तशीच पाठवली आणि बदललेला तक्ता ग्रुपवर टाकला. तासाभराने रुपालीने फक्त "ओके" लिहिलं.

दुपारी शुभाकाकूंचा फोन आला. त्यांनी समजुतीचा सूर लावला होता. एवढ्या लांब एकटी राहणार, मुलीला सोडून, हे काही बरं दिसत नाही. सौमित्र बोलून दाखवत नाही, पण त्याला लागलंय. सगळ्यांनी मिळून जायचं, यातच मजा असते. दोन रात्रींचाच तर प्रश्न आहे, त्यासाठी माणसं दुखवायची का? आश्लेषा हो काकू, कळतंय काकू, म्हणत राहिली. काकूंचं चुकत होतं असं नाही, आणि पटवून द्यायला तिच्याकडे तरी काय होतं? तिथे तीन दिवस बसून नेमकं काय दिसेल, हे तिलाच माहीत नव्हतं. कदाचित काहीच दिसणार नाही. झाडावर झोपलेला एखादा बिबट्या तीन दिवस झोपूनही राहील.

"आणि त्या बगळ्याचं काय एवढं मनाला लावून घेतलंस?" काकू म्हणाल्या. "घातली की त्याने चोच खाली. मी बघितलं."

आश्लेषा खुर्चीतून उठली. "तुम्ही बघत होतात?"

"खिडकीतच तर बसले होते. सपकन घातली आणि काढली वर. तोवर हा म्हणाला, आई, पट्टा लावलायस ना, म्हणून मी खाली बघितलं."

"वर काढली तेव्हा चोचीत काही होतं का, काकू?"